‘पंचमस्तंभी’ हा शब्द ज्याच्या नावावर खपतो तो जनरल

चाकणकर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून जुंपली. बी विंगमधल्या एका काकांनी बिल्डरची बाजू घेणाऱ्या दुसऱ्या काकांना थेट ‘पंचमस्तंभी’ म्हणून टाकलं. खाली कुणाच्या तरी पोराने आईच्या फोनवरून विचारलं, “मग पहिले चार स्तंभ कुठले?” सगळे गप्प. शेवटी एकाने लिहिलं, संसद, सरकार, न्यायालय, पत्रकार आणि पाचवे आपले कुलकर्णीकाका.

मला खरं उत्तर माहीत होतं, पण ग्रुपवर कोण वाचतंय! म्हणून इथे.

ते चार ‘स्तंभ’ म्हणजे खांब नव्हेतच. लष्करी भाषेत कॉलम म्हणजे कूच करणारी फौजेची रांग. १९३६ च्या शरद ऋतूत स्पेनमधले बंडखोर सैन्य माद्रिदवर चालून येत होते. चार तुकड्या बाहेरून येताहेत आणि पाचवी शहरातच लपून बसली आहे, असं जनरल एमिलिओ मोला म्हणाला, अशी ती गोष्ट. आपल्याकडे कुणीतरी कॉलमचं भाषांतर स्तंभ केलं आणि सैनिकांचे खांब झाले. ‘पाचवी रांग’ म्हटलं असतं तर रेशनच्या दुकानासारखं वाटलं असतं, हेही खरं.

या मोलाशी माझी ओळख कामामुळे झाली. कंपनीने प्रोजेक्टसाठी सात महिने पाम्प्लोनाला धाडलं होतं. खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, एका सरळसोट रुंद रस्त्याच्या टोकाला, घुमटाची एक अवाढव्य इमारत. आधी मला ते चर्च वाटलं. दर्शनी भागावरचा मजकूर झाकलेला. प्लँटमधल्या स्पॅनिश सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तिथे पूर्वी मोला होता.” पुढे काही बोलेना, कॉफी ढवळत बसला. मग मीच वाचायला लागलो.

माणूस असा. जन्म १८८७, क्युबातल्या प्लासेतास गावी. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत. बाप सिव्हिल गार्डमध्ये अधिकारी, आई क्युबन. सात वर्षांचा असताना कुटुंब स्पेनला परतलं. तोलेदोच्या पायदळ अकादमीतून १९०७ ला बाहेर पडला आणि पुढची बहुतेक कारकीर्द मोरोक्कोत, रिफच्या डोंगरातल्या युद्धात गेली. १९२७ मध्ये ब्रिगेडियर जनरल. उंच, चष्मा लावणारा, कागदपत्रांत रमणारा. फोटोत पाहिलं तर सेनापती कमी आणि तालुक्याचा कडक हेडमास्तर जास्त वाटतो.

१९३० मध्ये राजाच्या सरकारने त्याला देशाच्या पोलीस आणि गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख केलं. काम एकच, प्रजासत्ताकवाल्यांवर नजर ठेवायची. चौदा महिने त्याने ते केलं आणि १४ एप्रिल १९३१ ला तेच प्रजासत्ताकवाले सत्तेवर आले. मोला आधी तुरुंगात, मग सैन्याबाहेर. पोटासाठी लाकडी खेळणी केली, लेख आणि आठवणी लिहिल्या, आणि ‘डब्ल्यू. हूपर’ या इंग्रजी टोपणनावाने बुद्धिबळाचं पुस्तक लिहिलं. असान्या या युद्धमंत्र्यावरचा राग मात्र खेळण्यांत जिरला नाही.

१९३४ मध्ये उजव्या सरकारने माफी देऊन त्याला परत घेतलं आणि १९३५ मध्ये मोरोक्कोतल्या फौजेचा प्रमुख केलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये डाव्यांची आघाडी निवडणूक जिंकली. नव्या सरकारला संशयित जनरल दूर पांगवायचे होते. फ्रँकोला (हाच पुढचा हुकूमशहा) कॅनरी बेटांवर, गोदेदला बलेअरिक बेटांवर आणि मोलाला पाम्प्लोनाला. पाम्प्लोना ही नवार्रा प्रांताची राजधानी आणि कार्लिस्टांचा बालेकिल्ला. बदली करणाऱ्या बाबूला नवार्राचा अभ्यास नसावा. कार्लिस्ट म्हणजे कट्टर कॅथलिक, राजेशाहीवादी, शंभर वर्षांत उदारमतवादी सरकारांशी वारंवार लढलेले लोक. त्यांच्याकडे लाल टोप्यांची स्वतःची सशस्त्र पथकं होती, ‘रेकेते’. अशा गावात मोलाला नेऊन बसवलं. रॉकेलच्या डेपोत विडी पेटवून ठेवावी तसं.

मार्चमध्ये तो तिथे पोचला. एप्रिलपासून त्याची गुप्त पत्रकं निघायला लागली. सही नाव नसलेली: ‘संचालक’.

पुढचं उद्या. बायको लाइट बंद करा म्हणतेय.

अबोली_२

वाचतेय. ‘पाचवी रांग, रेशनचं दुकान’ :) पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडू_फळा

मी वीस वर्षं इतिहास शिकवला आणि मलाही तो खांबच वाटत होता. उत्तरपत्रिकेत कुणी ‘पाचवी तुकडी’ लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते. त्या अज्ञात विद्यार्थ्याची माफी मागते.

निवृत्त_तोफ

लेख चांगला आहे, पण एकांगी होणार असं दिसतंय. १९३६ चा स्पेन म्हणजे काय होतं तेही लिहा. चर्च जाळली जात होती, शेतकरी जमिनी ताब्यात घेत होते, रस्त्यावर दोन्हीकडचे लोक पिस्तुलं चालवत होते. १३ जुलैच्या पहाटे विरोधी पक्षातला मोठा नेता, काल्व्हो सोतेलो, पोलिसांनीच घरातून उचलला आणि गाडीत डोक्यात गोळी घातली. सरकारचे पोलीस खासदाराला मारत असतील तर सैन्याने काय करावं? सैनिक म्हणून विचारतो.

चाकणकर

निवृत्त_तोफ साहेब, प्रश्न रास्त आहे. काल्व्हो सोतेलोचा खून झाला, तो भयंकर होता, आणि नंतर प्रजासत्ताकाच्या भागात सुमारे ७,००० पाद्री आणि जोगिणी मारल्या गेल्या, तेही खरं. यातलं काही लपवायचं नाही.

फक्त तारखा बघा. खून १३ जुलैचा. मोलाची ‘गुप्त सूचना क्रमांक १’ एप्रिलच्या अखेरची, म्हणजे अडीच महिने आधीची. तिच्यात काय आहे? शत्रू बलवान आणि संघटित आहे, म्हणून कारवाई अत्यंत हिंसक असली पाहिजे, म्हणजे तो लवकरात लवकर नमेल. विरोधी पक्ष, संघटना आणि युनियनचे पुढारी आपल्या बाजूचे नसतील तर अटकेत टाकून त्यांना जरब बसेल अशा शिक्षा द्यायच्या. थंड डोक्याने लिहिलेला कागद आहे हा. दंगल बघून माथी भडकल्यावरचा नव्हे.

त्या पाचव्या तुकडीचं वाक्य तो कधी, कुठे, कुणापुढे बोलला याचा पक्का पुरावा नाही. ते गाजवलं माद्रिदच्या कम्युनिस्ट वर्तमानपत्राने, ऑक्टोबर १९३६ च्या सुरुवातीला, आणि मोलाच्या नावावर टाकलं. घरभेद्यांना पकडायला ते फार सोयीचं होतं. सगळ्या जगाला तो जे कदाचित बोललाच नाही ते पाठ आहे, आणि जे त्याने नक्की लिहिलं ते कुणाला ठाऊक नाही. धागा काढायचं खरं कारण हेच.

ऐसपैस

+१. म्हणजे आपल्याकडे अनेक थोर लोकांच्या नावावर फिरणारे सुविचार असतात तसंच. फक्त याच्या सुविचाराने माणसं मेली.

शिरा_पुरी

एवढी पत्रकं निघत होती तर सरकारला कळलं नाही? गुप्तचर खातं झोपलं होतं का?

चाकणकर

कळलं होतं की! जूनच्या सुरुवातीला सुरक्षा खात्याचा प्रमुख स्वतः पोलिसांचे ट्रक भरून पाम्प्लोनावर धडकला. बहाणा शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराचा. पण मोला स्वतः त्याच खुर्चीवर बसून आलेला. खात्यातल्या त्याच्या जुन्या माणसाने आधीच खबर दिली. ट्रक पोचले तेव्हा मुख्यालयात सगळं चकाचक, एक चिठ्ठी सापडली नाही. बंड दडपायचं खातं ज्याने चालवलं त्यालाच बंड कसं लपवावं ते बरोबर माहीत.

जुलैत सान फर्मिनची जत्रा, ७ ते १४. बैलांपुढे धावणारे लोक, रात्रंदिवस बँड, गावात पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत कटातली मंडळी येऊन मोलाला भेटून जात होती. एवढ्या झुंबडीत कोण कुणाला ओळखणार?

पण संचालकाची खरी डोकेदुखी स्वतःचीच माणसं. कार्लिस्टांना राजाचा लाल-पिवळा झेंडा हवा होता. मोला म्हणे प्रजासत्ताकाचाच झेंडा राहू द्या, आधी लष्करी संचालक मंडळ, बाकी मग बघू. हो, बरोबर वाचलंत. प्रजासत्ताक उलथवणाऱ्या माणसाच्या योजनेत झेंडा प्रजासत्ताकाचाच होता. झेंड्यावरून आठवडेच्या आठवडे घासाघीस चालली. शेवटी पोर्तुगालमध्ये बसलेल्या जनरल सान्हुर्होने मध्यस्थी केली. बंडाचा नावापुरता प्रमुख तोच ठरला होता.

आणि फ्रँको! तो येतो-येत नाही करत राहिला. १२ जुलैच्या सुमारास त्याचा सांकेतिक निरोप आला, ‘भूगोल फारसा विस्तृत नाही’. म्हणजे परिस्थिती पिकलेली नाही, मी नाही येत. मोलाने तो कागद रागाने जमिनीवर फेकला असं सांगतात. दुसऱ्याच दिवशी काल्व्हो सोतेलोचा खून झाला आणि फ्रँकोचा भूगोल एका रात्रीत विस्तृत झाला.

अबोली_२

‘भूगोल फारसा विस्तृत नाही’ हे आता मी सासरच्या लग्नांना न जाण्यासाठी वापरणार.

खडू_फळा

अबोली, :D

चाकणकर, बंडाआधीचे शेवटचे दोन-तीन दिवस नीट लिहा. तिथे घाई करू नका.

चाकणकर

खडूताई, तुमच्या आग्रहाखातर.

१६ जुलै. पाम्प्लोनाहून चाळीसेक किलोमीटरवर इराचेचा जुना मठ आहे. सान्तियागोच्या पदयात्रेच्या वाटेवर येतो. आज तिथल्या एका भिंतीला यात्रेकरूंसाठी वाइनचा फुकट नळ आहे. मी एका रविवारी गेलो होतो. सगळे नळापाशी रांगेत, शिंपले भरून घेताहेत, मठाकडे एक माणूस बघेना. मीही आधी रांगेतच उभा राहिलो, खोटं कशाला बोलू.

त्या मठात मोलाला त्याचा वरिष्ठ, बुर्गोसचा जनरल बातेत भेटला. बातेतला सगळा वास लागला होता. तो स्वभावाने मवाळ. १९३४ मध्ये कातालोनियातला उठाव त्याने शक्य तितकं कमी रक्त सांडून मोडला होता आणि त्यासाठी उजव्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याने मोलाकडे बंड करणार नाही असा शब्द मागितला. मोला म्हणाला, मी कुठल्याही साहसात उडी घेणार नाही, हा माझा शब्द. बातेत समाधानाने परतला. मोलाच्या हिशेबी शब्द मोडला नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते ‘साहस’ नव्हतंच. दोन दिवसांनी बातेतला त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी पकडलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये बुर्गोसला त्याला गोळ्या घातल्या.

१८ जुलै. मोरोक्कोत आदल्या दिवशीच ठिणगी पडली होती. नवार्राच्या सिव्हिल गार्डचा प्रमुख रोद्रिगेस-मेदेल याला मोलाने बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, आमच्याबरोबर येणार का? तो म्हणाला, मी कायदेशीर सरकारबरोबर. मोलाने त्याला जाऊ दिलं. संध्याकाळी तो आपली माणसं घेऊन शहराबाहेर पडायच्या तयारीत असताना त्याच्याच शिपायांनी त्याला गोळी घातली. सिव्हिल गार्डमधल्या बापाचा मुलगा सिव्हिल गार्डच्या अधिकाऱ्याशी शेवटचं बोलला ते असं.

त्या रात्री माद्रिदमध्ये मार्तिनेस बार्रियो नावाच्या मवाळ माणसाने घाईघाईने सरकार बनवलं आणि मोलाला फोन लावला, तडजोड करू. मोलाच्या उत्तराचा आशय असा: तुमची माणसं तुमच्यामागे उभी आहेत, माझी माझ्यामागे. आता आपण दोघांनी हात मिळवले तर दोघंही आपापल्या माणसांचा विश्वासघात करू. उशीर झाला. ते सरकार काही तासच टिकलं.

१९ ला पहाटे लष्करी कायदा जाहीर झाला. कास्तियो चौकात खेड्यापाड्यातून ट्रक भरभरून लाल टोप्या. बाप आणि मुलगा एकाच ट्रकमध्ये. त्याच दिवशी बार्सिलोनात मोलाचा धाकटा भाऊ रामोन, सैन्यात कॅप्टन, मरण पावला. तो आठवडाभर आधी पाम्प्लोनाला येऊन सांगून गेला होता की बार्सिलोनात हे जमणार नाही. तरी परत गेला. उठाव फसल्यावर त्याने स्वतःवर गोळी झाडली.

माजघर

भावाचं वाचून थांबले. कळूनही परत गेला.

निवृत्त_तोफ

हे भावाचं मला माहीत नव्हतं.

मुद्द्यावर येतो. लष्करी दृष्टीने योजना फसली हे मान्य करायला हवं. माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, बिल्बाओ, एकही मोठं औद्योगिक शहर हाती आलं नाही. नौदलात खलाशांनी अधिकाऱ्यांनाच ताब्यात घेतलं. पायदळाचा माणूस, समुद्राचा विचारच केला नाही नीट. हिटलर-मुसोलिनीची विमानं आली नसती तर मोरोक्कोतलं सैन्य तिकडेच अडकलं असतं.

चाकणकर

अगदी. चार-आठ दिवसांचं काम म्हणून आखलेलं बंड अर्धवट फसलं आणि अर्धवट जमलं, त्यालाच यादवी म्हणतात. पुरतं फसतं तर तो १९३२ सारखा एक खटला झाला असता (सान्हुर्होनेच तेव्हा एक बंड करून हात पोळून घेतले होते). पुरतं जमतं तर हुकूमशाही. ते मधेच लोंबकळलं म्हणून तीन वर्षं आणि सुमारे पाच लाख माणसं.

पण एक भाग योजनेप्रमाणे तंतोतंत झाला, तो म्हणजे सूचना क्रमांक १. नवार्रात लढाई झालीच नाही. आघाडीच नव्हती तिथे. तरीही सुमारे ३,००० लोक मारले गेले: शिक्षक, युनियनवाले, जमिनीसाठी भांडणारे शेतमजूर, गावचे सरपंच. बंडाच्या पहिल्याच दिवशी मोलाने सांगितलं होतं, दहशतीचं वातावरण तयार करा, जो आपल्यासारखा विचार करत नाही त्याला बिनदिक्कत संपवा. माझ्या त्या सहकाऱ्याच्या आजोबांचा भाऊ त्यातला. हे त्याने मला सहाव्या महिन्यात सांगितलं.

ऐसपैस

मग फ्रँको कसा काय मोठा झाला? डोकं याचं होतं ना?

चाकणकर

डोकं याचं, सैन्य त्याचं, आणि नशीबही त्याचंच. २० जुलैला सान्हुर्हो पोर्तुगालहून छोट्या विमानाने निघाला. पायलट म्हणत होता सामान जास्त होतंय. पण प्रमुख होणार म्हटल्यावर गणवेश नकोत का? विमान झाडांना अडकून पेटलं. इकडे उत्तरेत मोलाच्या तुकड्या माद्रिदच्या उत्तरेला डोंगरात अडकल्या, काडतुसं संपत आली. फ्रँकोकडे मोरोक्कोची कसलेली फौज आणि बर्लिन-रोमशी थेट संबंध. सप्टेंबरमध्ये सालामांकाजवळच्या एका विमानतळावर जनरलांनी त्याला सर्वोच्च सेनापती निवडलं. मोलाने मुकाट मत दिलं. तात्पुरतं आहे असं बऱ्याच जणांना वाटलं. ते तात्पुरतं १९७५ पर्यंत चाललं.

मोलाकडे उत्तरेची आघाडी राहिली. इरून घेतलं, सान सेबास्तियान घेतलं. माद्रिदमध्ये कॉफी प्यायला येतो असं तो म्हणाला म्हणून माद्रिदकरांनी एका कॅफेत त्याच्या नावाचं टेबल राखून ठेवलं होतं असा किस्सा आहे. टेबल रिकामंच राहिलं. मार्च १९३७ मध्ये त्याने बास्क प्रदेशावर चढाई केली, पत्रकं टाकून धमकी दिली की ताबडतोब शरण आला नाहीत तर अख्खा बिस्काय प्रांत जमीनदोस्त करीन. २६ एप्रिलला जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव जाळलं. ती आघाडी मोलाची.

३ जून १९३७. बुर्गोसजवळ अलकोसेरो गावाच्या टेकडीवर धुक्यात त्याचं विमान आदळलं. सगळे मेले. बिल्बाओ पडलं १९ जूनला. ते बघायलाही तो नव्हता. फ्रँकोला सुटल्यासारखं वाटतंय, असं जर्मन राजदूताने बर्लिनला कळवलं. दोन्ही मोठे स्पर्धक विमानात गेले, त्यामुळे घातपाताच्या वावड्या आजही उठतात. पुरावा काही नाही, धुकं पुरेसं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

उशिरा आलो, पण एक नागपुरी धागा जोडतो. या युद्धात आपला एक मराठी माणूस होता. गोपाळ मुकुंद हुद्दार, बाळाजी हुद्दार म्हणून ओळखले जायचे. संघाचे सुरुवातीचे सरकार्यवाह. बालाघाटच्या सशस्त्र प्रकरणात तुरुंगात जाऊन आले. पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती होऊन स्पेनला. म्हणजे मोलाने पेटवलेल्या युद्धात, मोलाच्या विरुद्ध बाजूने. नाव काय घेतलं असेल? जॉन स्मिथ! १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्या या मठातल्या तुरुंगात ठेवले गेले. सुटून आले ते कम्युनिस्ट विचारांचे होऊन.

खडू_फळा

काय सांगता! हेडगेवारांच्या शेजारून थेट स्पेनच्या खंदकात?

शिरा_पुरी

आता संघ विरुद्ध कम्युनिस्ट सुरू होणार. खुर्ची घेऊन बसतो.

वऱ्हाडी_ठेचा

शिरा_पुरी, बसू नका, काडी टाकायची नाहीये. माणूस मोठा होता एवढंच. त्यांच्यावर वेगळा धागा काढतो दिवाळीनंतर.

चाकणकर

ठेचासाहेब, नक्की काढा. आणि हे बघा, सान पेद्रो दे कार्देन्याचा तो मठ बुर्गोस शहराबाहेर दहाएक किलोमीटरवर. अलकोसेरोची टेकडीही बुर्गोस प्रांतातलीच. त्या गावाच्या नावाला ‘दे मोला’ जोडलं होतं. नागपूरचा जॉन स्मिथ पकडला गेला तेव्हा मोलाला मरून वर्षही झालं नव्हतं.

माजघर

आणि त्या घुमटाचं काय झालं? ‘पूर्वी मोला होता’ म्हणजे?

चाकणकर

माजघरताई, घुमटाखाली तळघर आहे. मोला आणि सान्हुर्हो दोघंही तिथे पुरलेले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नगरपालिकेने त्यांचे अवशेष बाहेर काढून नातेवाइकांकडे दिले. १९४८ मध्ये फ्रँकोने मोलाला मरणोत्तर ड्यूक केलं होतं, तो किताबही २०२२ च्या कायद्याने गेला. इमारत पाडायची की ठेवायची यावर गावात अजून दोन तट आहेत. मी होतो तेव्हा समोरच्या पाण्याच्या हौदाकाठी पोरं स्केटबोर्ड खेळायची. माझा सहकारी मात्र त्या रस्त्याने कधी यायचा नाही, एक गल्ली वळसा घालून जायचा. मला आधी वाटायचं त्याला स्केटबोर्डचा आवाज सहन होत नाही.

अबोली_२

ग्रुपवर त्या पोराला उत्तर दिलंत का शेवटी?

चाकणकर

दिलं. त्याच्या आईचा अंगठा आला. कुलकर्णीकाका ग्रुप सोडून गेलेत.